समुद्रामागची वाट

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राच्या अगदी कडेनं, पण समुद्रात न उतरता दक्षिणेकडे जाणारी एक पाण्याची वाट आहे. तिला अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणतात. व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरात तिचा शून्याचा मैल आहे. तिथून नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना, जॉर्जिया करत ती फ्लोरिडात उतरते. मयामी येतं साधारण १,०९० व्या मैलाला आणि ‘की वेस्ट’ हे गाव १,२४० च्या आसपास. मधे काही ठिकाणी माणसानं खणलेले सरळसोट कालवे आहेत, पण बरीचशी वाट आयतीच आहे. नद्या, खाड्या, खाजणं आणि किनाऱ्याला समांतर पसरलेल्या वाळूच्या लांबट बेटांमागचं पाणी यांतूनच ती जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. काही ठिकाणी तो इतका जवळ येतो, की मधल्या बेटावरच्या झाडीपलीकडून लाटांचा आवाज ऐकू येतो आणि इकडे पाण्यावर साधी सुरकुतीही नसते.

या शांतपणामुळे वाट सोपी असेल असं वाटतं. उघड्या समुद्राची भीती इथे नाही हे खरं. पण खोल समुद्रात तळाचा विचार करावा लागत नाही आणि इथे दिवसभर दुसरा विचारच नसतो. शिडाची बोट पाण्याखाली चार ते सहा फूट जाते. तिचा सगळ्यांत खालचा भाग म्हणजे कील. कागदावर नॉरफोकपासून फ्लोरिडातल्या फोर्ट पियर्सपर्यंत १२ फूट आणि तिथून मयामीपर्यंत १० फूट खोली राखायची असं ठरलेलं आहे. ती राखण्याचं काम लष्कराच्या अभियंता दलाकडे असतं आणि त्याला पैसा मिळतो तो वर्षावर्षाच्या सरकारी तरतुदीतून. जिथे मालवाहतूक कमी, तिथे गाळ उपसायला पैसाही कमी. त्यामुळे ठरलेल्या बारा फुटांचे ओहोटीला प्रत्यक्षात काही जागी पाचच उरलेले असतात. वेग, मुक्काम, निघण्याची वेळ, कोणत्या गावात थांबायचं आणि कोणतं सोडायचं, हे सगळं या चार-दोन फुटांवर ठरतं. म्हणूनच ही वाट मला इतकी आवडते. माणसाला पाण्याकडे इतकं बारकाईनं बघायला लावणारा दुसरा प्रवास मला माहीत नाही.

आधी दिवसाचा हिशेब. या वाटेवरचे मैल जमिनीवरचे, म्हणजे १.६ किलोमीटरचे आहेत. समुद्रातले मैल १.८५ किलोमीटरचे असतात आणि बोटीचा वेग नॉटमध्ये, म्हणजे समुद्री मैलांत मोजतात. दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळले की संध्याकाळी अंधार गाठतो. सहा नॉट म्हणजे ताशी सुमारे ६.९ साधे मैल. पन्नास मैलांचा टप्पा धरला तर सव्वासात तास झाले, आणि त्यात पुलांपाशी थांबणं, समोरून येणारा प्रवाह, डिझेल भरणं काहीच धरलेलं नाही. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणून बहुतेक बोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेला निघतात. नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलिनात उजेड जेमतेम साडेदहा तासांचा असतो आणि महिनाअखेरीस दहाच तासांचा. रात्री या वाटेवर चालू नये. खुणांच्या खांबांपैकी कितीतरी खांबांवर दिवा नाही, पाण्यात तरंगते ओंडके आहेत, खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोऱ्या आहेत. पन्नास मैल हा चांगला दिवस. साठ मैलांचा बेत कागदावर सुरेख दिसतो आणि दुपारी तीन वाजता सगळ्यांना चिडचिडं करतो.

आता खुणा. उजवीकडे लाल त्रिकोण, त्यावर सम आकडे. डावीकडे हिरवा चौकोन, त्यावर विषम आकडे. दक्षिणेकडे जाताना लाल खुणा साधारणपणे जमिनीच्या बाजूला राहतात. गोंधळ होतो तो एखादी मोठी नदी वाट आडवी कापते तिथे. त्या नदीच्या खुणा समुद्रातून आत येणाऱ्या जहाजांसाठी लावलेल्या असतात, त्यामुळे थोड्या अंतरासाठी लाल आणि हिरव्याची बाजू उलटते. अशा खुणांवर एक छोटा पिवळा तुकडा असतो. पिवळा त्रिकोण दिसला की ती खूण मुळात हिरवी असली तरी लाल समजायची, पिवळा चौकोन दिसला की हिरवी समजायची. रंग विसरायचा, पिवळं पाळायचं. शिवाय पुढची खूण बघताना मागे वळून मागची खूणही बघायची. बोटीचं तोंड बरोबर दिशेला असतं, पण आडवा प्रवाह बोटीला हळूहळू बाजूला नेत असतो, आणि समोर बघून ते कळत नाही. मागची खूण जागेवरून सरकलेली दिसली की कळतं.

नकाशाच्या पडद्यावर या वाटेची एक किरमिजी रेघ आखलेली असते. ती साधारण दिशा सांगते, खोलीची हमी देत नाही. रेघेवर बोट ठेवून डोळे मिटणाऱ्यांना ती थेट वाळूवर नेऊन घालते, कारण वाळू सरकते आणि रेघ सरकत नाही. अभियंता दल अडचणीच्या जागांची खोली मोजून आकडे प्रसिद्ध करतं. निघण्याच्या आदल्या रात्री ते बघणं हे नांगर तपासण्याइतकंच आवश्यक आहे.

नॉरफोकच्या दक्षिणेला लगेचच दोन फाटे फुटतात. रुंद आणि खोल रस्ता अल्बेमार्ल आणि चेसापीक कालव्याचा. तो १८५९ मध्ये खुला झाला. त्यावर ग्रेट ब्रिज इथे एक मोठं लॉक आहे. दोन दरवाज्यांमधल्या हौदात बोटी घ्यायच्या, पाणी चढवायचं किंवा उतरवायचं, मग पुढचा दरवाजा उघडायचा. इथला फरक दोन-तीन फुटांचाच असतो, त्यामुळे लॉकची सवय व्हायला ही जागा उत्तम. नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, आणि मागचा असे दोन दोर हातात धरायचे, पाणी हलेल तसे सोडत किंवा ओढत राहायचं, खुंटीला गाठ मारून मोकळं व्हायचं नाही. पाणी उतरत असताना दोर पक्का बांधलेला असेल तर बोट दोराला टांगली जाते.

दुसरा फाटा डिस्मल स्वॅम्प कालव्याचा. हा १७९३ मध्ये खणायला घेतला आणि १८०५ मध्ये खुला झाला. बारा वर्षं हातांनी खणला, आणि ते हात बहुतांशी गुलामगिरीत जखडलेल्या माणसांचे होते. त्याच दलदलीत गुलामगिरीतून निसटलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या लपून राहिली. बावीस मैलांचा हा कालवा आज झाडांच्या बोगद्यातून जातो. झाडपाल्यामुळे आणि दलदलीच्या मातीमुळे पाणी काळ्या चहाच्या रंगाचं झालेलं आहे आणि ते बोटीच्या पांढऱ्या नाळेवर तपकिरी डाग सोडतं. खोली सहा फूट धरलेली. त्यामुळे पाच फुटांहून जास्त बुडणाऱ्या बोटीनं विचार करून शिरावं. दोन टोकांना दोन लॉक, प्रत्येकी सुमारे आठ फुटांचं, आणि ती दिवसातून ठरलेल्या वेळांनाच उघडतात. पाण्यावर हिरव्या बारीक शेवाळ्याचा थर असेल तर इंजिनाला थंड करणारं पाणी आत घेणारी गाळणी तासाभरात तुंबते. म्हणून दर अर्ध्या तासानं मागे वाकून धुराच्या नळीतून पाणी नीट पडतंय का बघायचं. धार बारीक झाली की तापमानाचा काटा चढायच्या आधीच कळतं. गाळणी साफ केल्यानंतरही धार बारीकच असेल तर पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, गेलेलं असण्याची शक्यता मोठी. त्याची पाती तुटलेली दिसली तर तुकडे मोजून शोधायचे, कारण सुटलेला तुकडा पुढे जाऊन उष्णता काढून घेणाऱ्या भागात अडकतो आणि नवं चक्र बसवूनही इंजिन तापतच राहतं.

या कालव्याच्या दक्षिणेला एलिझाबेथ सिटी. गावाच्या धक्क्याला बोटींना दोन दिवस फुकट बांधून ठेवता येतं. १९८३ मध्ये दोन गावकऱ्यांनी इथे येणाऱ्या बोटीवरच्या लोकांना गुलाबाचं फूल द्यायची प्रथा सुरू केली आणि गावाचं नाव या साऱ्या वाटेवर झालं. फूल सुंदरच, पण बांधायच्या आधी वारा बघावा. धक्का दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या वाऱ्याला उघडा आहे. त्या बाजूंनी जोराचा वारा येणार असेल तर रात्रभर बोट खांबांवर आपटत राहते. अशा वेळी नदीच्या दुसऱ्या काठाला आडोशात नांगर टाकणं बरं.

पुढचे दोन-तीन दिवस नॉर्थ कॅरोलिनाच्या मोठ्या अंतर्गत जलाशयांचे. अल्बेमार्ल साउंड हा त्यांतला सगळ्यांत खट्याळ. विस्तार समुद्रासारखा आणि खोली मात्र पंधरा-वीस फूट, त्यामुळे पंधरा नॉटचा वारा सुटला की लाटा उंच नसूनही आखूड आणि उभ्या होतात, एकामागोमाग एक येत बोटीचा वेग मारून टाकतात. टाकीच्या तळाशी साचलेली घाण अशाच वेळी ढवळून वर येते आणि डिझेलच्या फिल्टरमध्ये अडकते. साउंडच्या मध्यावर इंजिन बंद पडलं तर तेच पहिलं कारण शोधावं. सुटे फिल्टर आणि ते बदलायची हत्यारं हाताशी ठेवून, सकाळी लवकर, वारा जागा व्हायच्या आधी हा टप्पा ओलांडावा.

इथे एक गोष्ट अनुभवी माणसालाही चकवते. या जलाशयांना चंद्राची भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, कारण बाहेरच्या वाळूच्या बेटांमधली मुखं अरुंद आणि फार थोडी. पाण्याची पातळी इथे वारा ठरवतो. परात एका बाजूला कलती केली की पाणी एका काठाला जमतं, तसं होतं. ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस टिकला तर पामलिको साउंडचं पाणी नूस नदीत कोंबलं जातं आणि ओरिएंटल गावाचे धक्के पाण्याच्या बरोबरीला येतात. पश्चिमेचा वारा पाणी बेटांकडे ढकलतो आणि त्याच धक्क्यांना बोट चिखलात बसते. भरतीचं कोष्टक इथे उपयोगाचं नाही, तीन दिवसांचा वाऱ्याचा अंदाज वाचावा लागतो. बेलहेवन आणि ओरिएंटल या दोन्ही गावांत शिरायच्या आधी तेवढं करावं.

ओरिएंटल हजारएक वस्तीचंही नाही, पण तिथे माणसांपेक्षा बोटी जास्त. छोट्या खाडीत एका बाजूला कोळंबी पकडणारे मोठे ट्रॉलर, दुसऱ्या बाजूला शिडाच्या बोटी, आणि गावाच्या धक्क्याला दोन दिवसांची फुकट जागा. जागा मोजकीच असल्यामुळे दुपारी उशिरा पोचणाऱ्याला ती मिळत नाही. तो नांगर टाकतो आणि छोट्या होडीनं वल्हवत येतो. अशा गावांत काय बघायचं असतं? हत्यारांचं दुकान, कपडे धुवायची जागा, वाचनालय, आणि धक्क्यावर उभं राहून तुमच्या दोराची गाठ न विचारता सोडून नीट बांधणारा माणूस. गावाची ओळख मला तरी या चार ठिकाणी होते. स्मारकांची यादी घेऊन फिरणाऱ्याला ही गावं तासाभरात संपतात. पाण्याबद्दल चौकशी करणाऱ्याला मात्र ती दोन दिवस पुरतात, कारण कालच्या वादळानं कुठली वाळू कुठे सरकली हे नकाशाला महिन्यांनी कळतं आणि ट्रॉलरवरच्या माणसाला आज सकाळी कळलेलं असतं.

बोफर्टपासून चित्र बदलतं. हे गाव १७०९ मध्ये वसलं आणि इथे समुद्राची मुखं जवळ येतात, म्हणून प्रवाह आला. टेलर क्रीक या अरुंद खाडीत धक्का एका बाजूला आणि रेचल कार्सन राखीव क्षेत्राचं बेट दुसऱ्या बाजूला. बेटावर रानटी घोडे चरतात आणि सगळे तिकडेच बघत राहतात, पण बोट बांधणाऱ्यानं खाली खांबाभोवती फिरणारं पाणी बघायला हवं. खांबाला आदळून पाणी कुठल्या बाजूला भोवरे सोडतंय यावरून प्रवाहाची दिशा कळते. नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून धक्क्याला यायचं, म्हणजे इंजिन चालू ठेवूनही बोट जागच्या जागी धरता येते. पहिला दोर बोटीच्या मध्यावरून निघून मागे धक्क्यावरच्या खुंटीला जाणारा. तो अडकला की इंजिन अगदी हळू पुढे, सुकाणू धक्क्यापासून दूरच्या बाजूला वळवलेलं, आणि बोट आपोआप धक्क्याला चिकटून राहते. मग बाकीचे दोर सावकाश लावता येतात. बहुतेक ओरखडे नाळेचा दोर आधी फेकल्यामुळे येतात, कारण नाळ धरली गेली की प्रवाह मागची बाजू फिरवतो. बंदराला रेडिओवर विचारतानाही जागेबरोबर चार गोष्टी विचाराव्यात. धक्का तरंगता की पक्का, ओहोटीला खोली किती, प्रवाह कुठल्या बाजूचा, आणि बोटीची कुठली बाजू धक्क्याला लागणार.

बोफर्टच्या दक्षिणेला, स्वान्सबरोनंतर, मरीन्सच्या कँप लेज्यून या लष्करी तळाचा भाग येतो. तिथे गोळीबाराचा सराव चालू असला की वाट तासतासभर बंद ठेवतात. त्या दिवशीच्या सूचना आदल्या दिवशी ऐकलेल्या बऱ्या. त्याहून अवघड आहेत ती इथली आणि यापुढची लहान मुखं, म्हणजे ब्राउन्स इन्लेट, न्यू रिव्हर इन्लेट, लॉकवुड्स फॉली, शॅलॉट. मुखातून भरतीचं पाणी वाळू घेऊन जोरात आत येतं, आपल्या वाटेला काटकोनात मिळतं, पसरतं आणि मंदावतं. मंदावलेल्या पाण्याला वाळू पेलत नाही. ती तिथेच खाली बसते आणि वाळूची जीभ वाटेच्या मध्यापर्यंत येते. गाळ उपसला तरी काही महिन्यांत ती परत येते. तटरक्षक दल बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, हलवत राहतं, म्हणून अशा जागी नकाशावरच्या बोयांपेक्षा डोळ्यांना दिसणारे बोये खरे. वेग कमी करायचा, खोलीच्या आकड्यावर एका माणसाची नजर ठेवायची, आणि शक्यतो भरती चढत असताना, तिच्या मध्यावर जायचं. चढत्या पाण्यात रुतलं तर अर्ध्या तासात बोट सुटते. उतरत्या पाण्यात रुतलं तर पुढचे कित्येक तास कललेल्या बोटीत काढायचे.

रुतल्यावर काय करायचं? आधी इंजिन न्यूट्रल. घाबरून जोरात पुढे-मागे केलं तर पंखा वाळू उडवतो, ती थंड पाण्याच्या वाटेनं इंजिनात जाते, आणि बोट स्वतःसाठीच खड्डा खणते. मग बिल्ज, म्हणजे तळघरात पाणी येतंय का बघायचं, सुकाणू मोकळं फिरतंय का बघायचं, आणि भरती चढती आहे की उतरती ते बघायचं. ज्या दिशेनं आलो त्याच दिशेला हलकेच मागे यायचं, कारण तिथे पाणी होतं हे नक्की असतं. नाही सुटली तर छोट्या होडीतून दुसरा नांगर खोल पाण्याच्या बाजूला नेऊन टाकायचा आणि दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रावर, घेऊन ताणायचा. शिडाची बोट असेल तर आडवी काठी बाहेर काढून तिच्या टोकावर वजन द्यायचं, बोट कलली की कील काही इंच वर येते. ओढून नेणाऱ्या बोटीला बोलवावं लागलं, तर तिचा दोर हातात घ्यायच्या आधी स्पष्ट विचारावं की हे ओढण्याचं काम आहे की जहाज वाचवण्याचं. पहिल्याचा दर तासावर असतो आणि वार्षिक सदस्यत्वात तो सहसा भरून निघतो. दुसऱ्याचा दावा बोटीच्या किमतीच्या प्रमाणात होतो.

केप फिअर नदीत प्रवाह दोन-तीन नॉटचा. सहा नॉटच्या बोटीला तो अनुकूल मिळाला तर नऊ, प्रतिकूल मिळाला तर तीन. स्नोज कट या कालव्यातून ओहोटीबरोबर उतरायचं आणि साउथपोर्टला थांबायचं. दक्षिणेचा वारा आणि उतरतं पाणी समोरासमोर आले तर मात्र नदी उकळल्यासारखी होते, त्या वेळी प्रवाहाचा मोह सोडून वाट पाहावी.

मर्टल बीचच्या मागचा खणलेला भाग १९३६ मध्ये पुरा झाला आणि तेव्हा ही सगळी वाट जोडली गेली. त्यातल्या काही मैलांना रॉक पाइल म्हणतात. दोन्ही कडांना पाण्याखाली खडकाचे कंगोरे आहेत. भरतीला ते दिसत नाहीत, म्हणून हा भाग पहिल्यांदा करणाऱ्यानं ओहोटीला करावा असं माझं मत आहे. समोरून बार्ज, म्हणजे माल वाहणारा रुंद तराफा, आला तर बाजूला व्हायला जागा नाही. शिरण्याआधी रेडिओवर आपण कुठून कुठे जातोय हे जाहीर करून उत्तराची वाट बघायची.

तिथून वॅकमॉ नदी लागते आणि जीव हलका होतो. खोल, वळणावळणाची, दोन्ही काठांना पाण्यात उभे असलेले सायप्रसचे वृक्ष आणि त्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी शेवाळाच्या झालरी. इथल्या सपाट पाणथळीत एकेकाळी भाताची शेती होती. भरतीचं गोडं पाणी बांधांच्या दारांतून खाचरांत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं, ही सगळी व्यवस्था गुलाम माणसांच्या कष्टांवर उभी होती. जॉर्जटाउन हे १७२९ चं बंदर त्या तांदळावर श्रीमंत झालं. काठाला अजून जुन्या खाचरांच्या चौकटी दिसतात. त्याच्या दक्षिणेचं मॅक्लेलनव्हिल हे ट्रॉलरांचं गाव १९८९ च्या ह्यूगो वादळात समुद्राच्या पाण्याखाली गेलं होतं आणि पुन्हा उभं राहिलं. गावाजवळची वाट उथळ आहे, भरतीचं गणित करूनच जावं.

साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्टच्या पुढे जॉर्जियाचं खाजण सुरू होतं, आणि या वाटेचा सगळ्यांत सुंदर भाग हाच. बरेच लोक भरतीला घाबरून इथे समुद्रातून बाहेरून जातात. मला ते मोठं नुकसान वाटतं. सात-आठ फुटांची भरती, उधाणाला नऊच्या आसपास. ओहोटीला गवताखालचे चिखलाचे काठ आणि कालवं या शिंपल्यांच्या कडा उघड्या पडतात, भरतीला त्यांच्यावरून बघता येतं आणि मैलच्या मैल सोनेरी गवत दिसतं. पाण्याची चाल बाराव्या भागाच्या हिशेबानं लक्षात ठेवावी. सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे बारावे भाग चढतात. आठ फुटांच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला दोन फूट. हेल गेट, लिटल मड रिव्हर आणि जेकिल क्रीक या तीन जागा मोठ्या ओहोटीला चार-पाच फुटांवर येऊ शकतात. तिथे तिसऱ्या तासाच्या शेवटी पोचलं तर चार फूट पाणी वाढलेलं असतं आणि अजून चार चढायचं बाकी असतं. अडचण अशी, की या तिन्ही जागा ऐंशीएक मैलांत पसरलेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येकीसाठी वेगळी वेळ गाठावी लागते आणि मधला मुक्काम त्यावरून ठरतो. शिवाय बेटामागच्या वाटेत भरतीचं पाणी दोन्ही टोकांच्या मुखांतून आत येऊन मधे भेटतं. अर्धा रस्ता प्रवाह बरोबर असतो आणि भेटीच्या जागेनंतर तोच समोरून येतो. जिथे दोन पाणी भेटतात तिथे दोन्ही थांबतात, आणि म्हणून गाळही तिथेच बसतो.

नांगराचा हिशेबही इथे चुकतो. समजा ओहोटीला आठ फूट पाण्यात नांगर टाकला. नाळ पाण्यापासून चार फूट उंच, म्हणून बारा फुटांच्या पाचपट साठ फूट साखळी सोडली. रात्री आठ फूट पाणी चढलं की तेच माप वीस फुटांचं होतं, साठ फूट साखळी तिपटीवर येते, ओढ वरच्या बाजूला लागते आणि नांगर उपटतो. हिशेब भरतीच्या पाण्याचाच करायचा. वीस फुटांना शंभर फूट साखळी, आणि साखळीपुढे दोर असेल तर सातपट, म्हणजे एकशे चाळीस. शिवाय सहा तासांनी प्रवाह उलटतो, बोट फिरते आणि नांगराला उलट्या बाजूनं ओढते. म्हणून टाकल्यावर इंजिन मागे चालवून तो नीट रोवायचा आणि वळणाला पुरेल इतकं वर्तुळ मोकळं ठेवायचं. सकाळी साखळीबरोबर काळा चिकट चिखल वर येतो. बादली आणि ब्रश तयार ठेवले नाहीत तर तो दिवसभर पायांना लागतो.

पुलांचं शेवटी सांगतो आहे, पण लागतात ते पहिल्या दिवसापासून. पक्के पूल भरतीला ६५ फूट उंचीचे धरलेले आहेत. नॉर्थ कॅरोलिनातला विल्करसन पूल ६४ चाच आहे, आणि वाऱ्यानं पाणी चढलं तर त्याहून कमी. जॉर्जियात ओहोटी गाठली तर सात-आठ फूट जास्त मिळतात, नॉर्थ कॅरोलिनाच्या साउंडमध्ये तसा फायदा नाही. डोलकाठीची उंची मोजताना टोकावरचा अँटेना आणि दिवा विसरू नये. उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात रेडिओच्या १३ नंबरवर बोलवायचं, साउथ कॅरोलिनापासून खाली ९ वर. पुलाचं नाव, बोटीचं नाव, दिशा, एवढं पुरतं. प्रवाह मागून असेल तर पुलापासून दूरच थांबावं, कारण बंद पुलाकडे वाहत जाणाऱ्या बोटीला अडवणं कठीण.

वेगवान बोट मागून आली तर ती रेडिओवर सांगते. हळू बोटीनं आपला वेग अगदी उतरवायचा, म्हणजे मागच्या बोटीलाही कमी वेगात, लाट न उठवता पुढे जाता येतं. हळू बोट आपल्याच वेगात चालत राहिली तर मागच्याला लाट उठवण्यावाचून गत्यंतर नसतं आणि दोघंही चिडतात. स्वच्छतागृहाची टाकी या वाटेवर कुठेही पाण्यात सोडता येत नाही, ते किनाऱ्यापासून तीन समुद्री मैलांच्या आत बेकायदा आहे. बंदरात उपसून घ्यायची सोय असते, कुठे आहे ते आधी बघून ठेवावं.

फर्नांडिनापासून फ्लोरिडा. सेंट ऑगस्टीन हे १५६५ मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव. तिथला ब्रिज ऑफ लायन्स दिवसा ठरावीक वेळीच उघडतो आणि त्याखालचा प्रवाह जोराचा आहे. दक्षिणेकडे काठावरची घरं दाट होत जातात, नोव्हेंबरच्या मध्यापासून बऱ्याच ठिकाणी मॅनेटी या संथ प्राण्यांसाठी वेगाची मर्यादा लागते, आणि मैल फार हळू सरकतात. शेवटची अडचण मयामीत. तिथला ज्युलिया टटल पूल ५६ फुटांचाच आहे. उंच डोलकाठीच्या बोटीनं फोर्ट लॉडरडेलला पोर्ट एव्हरग्लेड्सच्या मुखातून बाहेर पडावं, सुमारे वीस समुद्री मैल किनाऱ्यानं जावं आणि गव्हर्नमेंट कट या मुखातून मयामीत शिरावं. गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला मोठा प्रवाह इथे किनाऱ्याच्या अगदी जवळून उत्तरेकडे वाहतो, म्हणून दक्षिणेला जाताना किनारा धरून राहायचं. वारा उत्तरेचा आणि जोराचा असेल, तर तो उतरेपर्यंत लॉडरडेलमध्येच बांधून ठेवावं.